दोन सह्यांची फर्म

नाना दरवर्षी जुलैत धुळ्याहून एसटीनं जळगावला माझ्याकडे यायचे, ते शून्य भरायला. विक्री शून्य, खरेदी शून्य, नफा शून्य. पारोळ्याच्या ज्या दुकानाचं हे रिटर्न, त्याचं शटर खाली आल्याला जमाना झाला. तरी नानांचा थाट असा, की मार्केट यार्डातला सगळ्यात मोठा व्यापारी कर भरायला निघालाय. पांढरा कडक शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल आणि हातात स्टीलचा डबा.

मी छोट्या व्यापाऱ्यांची रिटर्नं भरतो. आधी वडील भरायचे, आता मी. जुलै म्हणजे आमच्याकडे नुसता धुमाकूळ. वर्षभर तोंड न दाखवणारे किराणावाले, केळीवाले, मोबाइलवाले शेवटच्या आठवड्यात पिशव्या घेऊन हजर होतात. पिशवीत बिलं, बिलांत जिरं. अशात एखादा गृहस्थ शून्यासाठी अर्धा दिवस खुर्ची अडवून बसला, तर माझ्यासारख्या तापट माणसाचं डोकं फिरणारच की!

आणि बसणंही साधं नाही. छापील कागद हातात घेऊन नाना एकेका शून्यावर बोट ठेवायचे.

"वकील, हे शून्य कशाचं?"

"विक्रीचं."

"बरोबर. आनि हे?"

"खरेदीचं, नाना."

"बरोबर. नीट भर हां. कायदा शे भो!"

'कायदा शे भो' हे नानांचं पालुपद. सरकारनं, बँकेनं, अगदी एसटीच्या कंडक्टरनं काही सांगितलं, तरी नाना ते शब्दाला शब्द पाळणार. मोबाइलवर ओटीपी आला, की मी हात पुढे करायचो आणि नाना फोन छातीशी धरायचे.

"लिहेल शे ना, कोनाले सांगू नका म्हनून?"

"अहो नाना, मी तुमचा वकील!"

"वकील म्हंजे कोनीतरीच ना?"

मग मला माझ्याच खुर्चीतून उठवून स्वतः बसायचे आणि एका बोटानं आकडे दाबायचे. तोवर ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा फोन छातीशी. बाहेर जिऱ्यावाले ताटकळत उभे. कपाळ माझं!

हा सगळा तमाशा शेजारच्या खुर्चीतून आबा बघायचे. आबा म्हणजे नानांचे धाकटे भाऊ आणि फर्मचे दुसरे भागीदार, राहायला जळगावातच. दोघांचं पारोळ्याला मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. आसपासच्या गावांत विहिरीवरची मोटर जळाली, की ती यांच्याकडे यायची. पुढे आबांना दुकान हायवेला न्यायचं होतं आणि नानांना बाजारपेठ सोडायची नव्हती. एक दिवस भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर नाना म्हणाले, "तुले काय कळस?" आबांनी किल्ल्या गल्ल्यावर ठेवल्या आणि जळगाव गाठलं. नंतर गिऱ्हाईक हायवेकडे वळलं, दुकान बसलं, आणि नाना धुळ्याला मुलाकडे राहायला गेले. किल्ल्या ठेवल्या त्या दिवसापासून दोघा भावांनी एकमेकांशी एक शब्द काढला नाही.

म्हणजे थेट काढला नाही. माझ्यामार्फत बोलायचे.

दोन खुर्च्यांत अंतर हातभर. तरी नाना माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्याले सांग, पंखा जरा कमी कर." पंख्याचं बटण आबांच्या डोक्याशी. मी "सांगतो" म्हणेपर्यंत आबांनी ते फिरवलेलं असायचं. मग आबाही माझ्याकडेच बघून, "त्याले सांग, शून्यमा इतलं काय देखस?"

"सांगतो," मी म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

त्या डब्यात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा असायचा. आबांचा जीव की प्राण. पण हे आबांसाठी आणलंय असं म्हणतील, तर ते नाना कसले! डबा माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "वकील, तुझ्यासाठी." आणि मी हात लावायला गेलो, की डोळे वटारायचे. जाताना मात्र डबा 'विसरून' जायचे, तोही बरोबर आबांच्या बाजूला. आबा तो निमूटपणे पिशवीत घालायचे. पुढच्या वर्षी नवा डबा आणि जुनी तक्रार: "त्याले सांग, मागला सालना डबा दिधा नही." आबा खिडकीबाहेर बघत राहायचे, जसं काही ऐकलंच नाही.

एका वर्षी मी वैतागलो. म्हटलं, "नाना, आबांना कशाला त्रास? आता एकाच्या ओटीपीवर काम होतं. तुम्हीसुद्धा नाही आलात तरी चालेल, फोनवर उरकू. नाहीतर सरळ फर्म बंद करून टाकू ना!"

नानांचा चेहरा इतका उतरला, की मला कळेना मी असं काय बोललो.

"तुझा बाप ताळेबंदावर दोघांच्या सह्या घ्यायचा," नाना म्हणाले. "तो काय येडा व्हता? कायदा शे भो."

आणि जे आबा नानांच्या कुठल्याही बोलण्याला जन्मात 'हो' म्हणाले नसते, त्यांनी मान हलवली. "कायदा शे," ते म्हणाले.

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. कायद्यानं बोलावलं म्हणून यायचं, एवढीच सोय दोघांकडे उरली होती. आपण होऊन कोण कोणाच्या दारी जाणार? त्या दिवसापासून मी दोन सह्यांचा कागद मुकाट्यानं छापायला लागलो. कायद्याला त्याची गरज नव्हती, या दोघांना होती.

मला मात्र दरवर्षी एकच आशा असायची. सह्या झाल्या, की नाना खाकरायचे. डोळे माझ्यावर, पण कान शेजारच्या खुर्चीकडे. "त्याले सांग..." एवढं म्हणून थांबायचे.

"काय सांगू, नाना?"

"काही नही. बस निंघी जाई."

आणि फाइल उचलून चालू पडायचे. आबा दार लागेपर्यंत तिकडे बघत राहायचे. अहो, बोलून टाका ना एकदाचं, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. पण भावाभावांच्या मध्ये वकिलानं किती बोलावं? बसेस तर सगळा दिवस असतात धुळ्याला.

यंदा फाल्गुनात आबा गेले. झोपेतच गेले. मी आबांच्या घरी भेटायला गेलो, तर नाना ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले, कोणाशी बोलेनात. माझ्याशीही नाही.

जुलैत मीच त्यांना फोन केला. दोनच भागीदार असले आणि त्यातला एक गेला, की फर्म तिथंच संपते. शेवटचं रिटर्न भरून फाइल बंद करायची असते. हे मी त्यांना सांगितलं.

"म्हंजे मी शे, तरी फर्म नही?"

"नाही, नाना. कायदा आहे."

त्यांचंच पालुपद त्यांना ऐकवताना मला फार वाईट वाटलं.

नाना आले. शर्ट तसाच कडक, खिशाला दोन पेनं. हातात डबासुद्धा होता. आबांची मुलगी वैशाली मृत्यूचा दाखला घेऊन आधीच येऊन उभी होती. तिच्याजवळ भलीमोठी पिशवी. ती तिनं टेबलावर ठेवली, तर केवढा खणखणाट! आत सगळे स्टीलचे डबे. घासूनपुसून लख्ख.

"नाना, हे तुमचे," ती म्हणाली. "मी बाबांना कितीदा म्हटलं, एवढे साठलेत, देऊन या. तर म्हणायचे, देऊन टाकले तर पुढल्या वर्षी नाना माझ्याशी बोलेल काय?"

नानांनी पिशवी आपल्याकडे ओढली. वैशाली डोळे पुसत दाखल्याची झेरॉक्स काढायला खाली गेली.

मी कागद पुढे केला. नानांनी एकाही शून्यावर बोट ठेवलं नाही. ओटीपी आला, तर फोन सरळ माझ्या हातात दिला. मला ते बघवेना. त्यापेक्षा फोन छातीशी धरला असता आणि मला खुर्चीतून उठवलं असतं, तर बरं वाटलं असतं.

काम झालं. नाना पिशवीतला एक डबा घेऊन त्याचं झाकण लावत-काढत बसले. मग माझ्याकडे बघून खाकरले. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"त्याले सांग," नाना म्हणाले, "डबा बठ्ठा भेटनात, एकबी बाकी नही."

"सांगतो, नाना."

"आनि त्याले सांग..."

ते थांबले. मी वाट बघत राहिलो. या खेपेला त्यांनी बसचं नाव काढलं नाही.

"तुनंच खरं व्हतं. दुकान हायवेलेच पाहिजे व्हतं."



"सांगतो," मी म्हणालो.