हिल्ला केम्पाइनेनची मान्यताप्राप्त मैत्रीण

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकटं वाटण्याची मुदत विद्यापीठाने ऑक्टोबरच्या एकतीस तारखेपर्यंत दिली होती. त्यानंतरही एकटं वाटल्यास लेखी कारण द्यावं लागे.

हिल्ला केम्पाइनेन कुह्मोहून आली होती. फिनलंडच्या त्या कोपऱ्यात तिच्या घराचा सर्वांत जवळचा शेजारी दोन किलोमीटरवर राही आणि वडिलांच्या मते तो जरा अंगावरच आला होता. आता वसतिगृहाच्या एका मजल्यावर सहा खोल्या आणि एक स्वयंपाकघर. दर रविवारी आई फोनवर विचारायची, "कोणी भेटलं का गं?" हिल्ला म्हणायची, "भेटेल." नाताळला घरी जाईपर्यंत एक तरी खरं नाव सांगता यावं, एवढीच तिची इच्छा होती.

विद्यापीठाने सोय चोख केली होती. प्रत्येक नवागताला एक हिरवी पुस्तिका मिळे. तीत साठ गुण जमले की विभागाच्या रंगाची डांगरी, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख, अंगावर चढे आणि तो विद्यार्थी रुळला, असं समजलं जाई. ग्रंथालय सापडणे, दोन गुण. सायकल चोरीला जाणे, तीन. सतराव्या रकान्यात होतं : मित्र (एक), बारा गुण, सहीसह.

"हा कुठे मिळेल?" हिल्लाने ओत्सोला विचारलं. ओत्सो तिसऱ्या वर्षाला होता आणि नवागतांचा मार्गदर्शक म्हणून नेमलेला होता.

"गुरुवारी. वाटाण्याच्या सूपाच्या रांगेत. पेन घेऊन ये, नाहीतर तिथे पेनासाठी मारामारी असते."

गुरुवारी रांगेत प्रत्येकाच्या हातात पुस्तिका होती. "होतेस मैत्रीण?" पुढच्या मुलाने विचारलं. "होते. इथे सही कर." रांग झपाझप सरकत होती. रांगेच्या टोकाला सूपाबरोबर मिळणाऱ्या पॅनकेकपर्यंत पोचेस्तोवर हिल्लाला तीन मित्र झाले. त्यांतल्या दोघांच्या सह्या वाचता येत नव्हत्या आणि तिसरा सूप घेऊन पसार झाला होता.

खरी गोष्ट घडली ती स्वयंपाकघरात, आणि तीही चुकून. त्या मजल्यावर बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायची रीत होती. कोणाची चाहूल लागली, तर ते माणूस जाईपर्यंत आत थांबायचं, म्हणजे उगाच कोणाला 'काय म्हणतेस' म्हणावं लागत नाही. एका बुधवारी दोघींनी कान लावले, दोघींना शांतता ऐकू आली आणि दोघी एकदमच बाहेर आल्या. दुसरी होती सायमी. आता माघार घेणं उघड उद्धटपणाचं झालं असतं. म्हणून दोघींनी मिळून बटाटे उकडले.

पुढच्या बुधवारी सायमी म्हणाली, "सात ते आठ माझी सौनाची पाळी असते. जागा दोघींची आहे."

त्या वाफेच्या खोलीत दोघी तासभर बसल्या. कोणी चकार शब्द काढला नाही. हिल्लाला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की खोलीत येऊन ती थोडी रडली. असे चार बुधवार गेले. मग तिने प्रामाणिकपणे सतराव्या रकान्यात सायमीचं नाव घातलं. इथेच तिचं चुकलं.

विद्यार्थी-समायोजन कक्षाच्या राउतिओबाईंनी चष्मा सारखा केला. "सूपाच्या रांगेतले तीन मान्य. ही सायमी मात्र कुठल्याच अधिकृत कार्यक्रमात भेटलेली दिसत नाही."

"आम्ही सौनात बसतो."

"काय बोलता?"

"काहीच नाही."

"मग मैत्री झाली हे कशावरून?"

"काहीच बोलावं लागत नाही, यावरून."

राउतिओबाईंचंही माहेर कुह्मोकडचंच होतं. त्यांना सगळं समजलं होतं. पण समजल्याचा रकाना अर्जात नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं : दोघींनी स्वतंत्रपणे, बंद पाकिटात, एकमेकींना पाचपैकी गुण द्यावेत असा आदेश निघाला.

हिल्लाने चार दिले. सायमीने तीन. सायमीच्या गावी लग्न, नवं घर, नवं बाळ, सगळ्याला 'वाईट नाही' म्हणत. याहून जास्त कौतुक करणारा काहीतरी विकायला आलाय असं समजत. तीन म्हणजे तिने काळीजच काढून दिलं होतं. कक्षाने मात्र शेरा मारला : 'मैत्री एकतर्फी. सुधारणा आवश्यक.' आणि दोघींना मैत्री-संवर्धन कार्यशाळेला बसवलं. वार बुधवार, वेळ सात ते आठ.

तिथे त्यांना गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. डोळ्यांत डोळे घालून तीन मिनिटं एकमेकींची स्तुती करा, असं फर्मान सुटलं.

सायमी लाल झाली. "तू... बटाटे बरे सोलतेस."

"तू दार हळू लावतेस," हिल्ला जमिनीला म्हणाली.

प्रशिक्षकाने टाळ्या वाजवल्या. दोघींना प्रत्येकी पाचपैकी पाच गुण मिळाले, सतराव्या रकान्यावर शिक्का बसला आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. परतीच्या बसमध्ये सायमी पुढे बसली, हिल्ला सगळ्यांत मागे. इतकं सगळं बोलून झाल्यावर आता कुठल्या तोंडाने एकमेकींकडे बघायचं?

नाताळच्या आधी हिल्लाला हिरवी डांगरी मिळाली. रविवारी आईने विचारलं, "कोणी भेटलं का गं?"

"चार जण," हिल्ला म्हणाली. "शिक्क्यानिशी."

त्यानंतरच्या बुधवारी, पावणेसातला, तिने टॉवेल खांद्यावर टाकला आणि दाराला कान लावला. पलीकडे सायमीचं दार किंचित करकरलं आणि थांबलं. हिल्लाही थांबली. ती गेली की जाऊ, असं दोघींनीही आपापल्या दाराआड ठरवलं. आठ वाजता सौना आपोआप बंद झाली.

वाचकहो, या फिनलंडच्या पोरींना खुशाल हसा. फक्त एवढं सांगा, तुमच्या दाराला ते छोटं भिंग आहे ना? काल त्याला डोळा लावून, समोरचे लिफ्टमध्ये शिरेपर्यंत, तुम्ही किती वेळ उभे होतात?