ओरडणारा बेल्ट आणि माझे कान

गाडीचा आवाज आपण स्वतःच शोधायचा, मेकॅनिकची पायरी चढायची नाही, असं मी एका ओल्या सकाळी ठरवलं. अडचण एकच होती. तो आवाज मला येत नव्हता.

बायकोला येत होता. सिग्रुनच्या मते आमची एकोणीस वर्षांची डिझेल गाडी सुरू झाली की गळा काढून किंचाळते. (मी हे तिच्या स्वभावावर ढकललं. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा एवढं तरी शिकतो.) आमच्या गल्लीत बाकी सगळ्या विजेच्या गाड्या, येतात कधी, जातात कधी, पत्ता लागत नाही.

"म्हणून आपलीच तेवढी जाणवते," मी म्हणालो.

"जाणवते? समोरच्यांचं बाळ रोज सव्वासातला दचकून उठतं!"

"बाळं उठतातच."

आता मला काही ऐकू येत नाही, हे मी कबूल कसं करणार? पोस्टातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाकडे अभिमानाची एकच गोष्ट होती, ती म्हणजे कान. तीस वर्षं दर मे महिन्यात मी पक्षीमंडळासाठी जंगलातले पक्षी मोजतोय, तेही डोळ्यांनी नाही, नुसत्या आवाजावरून. अख्ख्या नॉर्वेत असा कान नाही, असं मंडळाचे अध्यक्ष एकदा म्हणाले होते. (जेवणानंतर म्हणाले होते, पण म्हणाले होते.)

त्यात माझा लाडका पक्षीराजा. नाव राजा, वजन पाच-सहा ग्रॅम, आवाज सुईइतका बारीक. चार वर्षांपूर्वी तो ओडवारच्या जंगलातून नाहीसा झाला. तेव्हापासून दर मे महिन्यात वहीत शून्य! ओडवार माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याच वर्षी त्यानं कडेची थोडी झाडं तोडली होती. मी तडक गावच्या पेपरात लिहिलं. मथळा होता, 'लोभापायी राजाला वनवास'. दर रविवारी आम्ही त्याच्या जंगलात ओंडक्यावर बसून कॉफी प्यायचो, ती बंद झाली; मे महिन्यातल्या मोजणीपुरता तेवढा मी मागच्या वाटेनं जायचो. त्याची बायको इंगब्योर गेली, तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो आणि हातही न मिळवता घरी आलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

असो. इंजिन सुरू ठेवून बॉनेट उघडलं, सिग्रुनचा कुंड्यांवर पाणी उडवायचा फवारा घेतला. किंचाळतो तो बहुधा इंजिनाचा बेल्ट, म्हणजे रबरी पट्टा; त्यावर पाणी मारायचं. आवाज वाढला तर बेल्ट सैल, थांबला तर बेल्टची एखादी चकती वाकडी, असं मी वाचलं होतं. मारलं पाणी.

"थांबला!" मी विजयी सुरात म्हणालो.

सिग्रुन कानांत बोटं घालून उभी होती. "काय थांबला? दुप्पट झालाय!"

"तेच म्हणतोय. म्हणजे सैल आहे. मला वाटलंच होतं."

तिनं माझ्या हातातला फवारा काढून घेतला, मला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चालवत यार्लेच्या गॅरेजला नेली.

यार्लेनं इंजिन सुरू केलं, तसा त्याचा कुत्रा शेपूट घालून बाहेर पळाला. यार्लेचं तोंड वाकडं झालं. मी एकटाच फोटोला उभा राहिल्यासारखा हसतमुख.

"तोरलाइफ, तुम्हाला येतोय ना हा आवाज?"

"येतोय की. थोडासा."

"थोडासा?" त्यानं इंजिन बंद केलं आणि हात पुसत हळूच म्हणाला, "माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं. बारीक आवाज आधी जातात. पहिल्यांदा रातकिडे गेले, मग ते चिमुकले पक्षी."

नवा बेल्ट बसला. परतताना सिग्रुन म्हणाली, "बघ, किती शांत झालं!" मला काडीचा फरक कळला नाही. मी रडत होतो. चार वर्षं वहीत जे शून्य लिहिलं, ते माझंच होतं. तिनं रस्त्यावरची नजर न काढता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ओडवारकडे सोडू?"

ओडवार दारातच उभा होता. किती म्हातारा झाला होता! मी सगळं सांगून टाकलं. बेल्ट, फवारा, कुत्रा, कान. माफी मागितली.

"इंगब्योरच्या वेळी तू मागे बसलास," तो म्हणाला.

"हो."

"मी पाहिलं होतं."

तो आत गेला. मला वाटलं, संपलं. पण तो थर्मास घेऊन बाहेर आला आणि जंगलाच्या वाटेला लागला. ओंडक्यावर बसल्यावर मी विचारलं, "तुला तर पक्षीराजा ऐकू येत असणार. मग मला बोलला का नाहीस गाढवा?"

"अरे, तीस वर्षं तुझाच कान खरा मानलेला. तू नाही म्हणालास, तर मला वाटलं, मीच भलताच कुठला पक्षी ऐकतोय."

मी कॉफीचा घोट घेतला. इतक्यात त्यानं बोट वर केलं. "श्श! ऐक. गातोय."

माझे डोळे भरून आले. "वा! अजून तस्साच गातो रे."

"काही गात नाहीये," ओडवार म्हणाला. "बघत होतो, खोटं बोलायचं सोडलंस का."

त्यानं उरलेली कॉफी माझ्या कपात ओतली. शेवटी न राहवून मी विचारलं, "पण खरं सांग, आहेत ना रे अजून?"

"आहेत की," तो कप झटकत म्हणाला. "तू यायचा बंद झाल्यापासून उलट वाढलेत."