गव्याची एक सकाळ

एका जंगलात चूक गव्याची होती. पोरांनो, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर मोठी माणसं तुम्हाला गोंधळात पाडतील.

पाणवठ्याकडे दोन वाटा होत्या. एक उतरायची, एक चढायची. गवा चढायच्या वाटेनं उतरत होता. तोही धावत, आणि मान मागे वळवून, कारण मागून येणारे त्याला 'आबासाहेब, आबासाहेब' करत होते. समोरून एक तरणं भेकर येत होतं. गव्याची धडक बसली आणि त्याचा मागचा पाय मोडला. जंगलात हाड जोडणारा नव्हताच.

जंगलाचा कायदा साधा होता. ज्यानं पाय मोडला, त्यानं जन्मभर चारा पोचवायचा. कायदा दगडावर कोरलेला होता. म्हातारी मंडळी त्या दगडाला पाठ टेकून ऊन खात बसत.

भेकरानं पंचायतीत तक्रार केली. भेकराच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. आपल्या घराण्यात कुणी पंचायतीची पायरी चढलं नाही, असं काका चार दिवस सांगत राहिले. तू त्या वेळी तिथं कशाला गेलास, हेही विचारून झालं. तहान लागली होती, हे उत्तर कुणाला पटलं नाही.

पंचायत भरली. गवा गळ्यात हार घालून आला. पंच होतं एक म्हातारं वानर. भेकर तोंड उघडणार, तोच ते म्हणालं, "आधी मोठ्यांच्या पाया पड. मग कामकाज. रीत आहे आपली."

"पाय मोडलाय. वाकता येत नाही."

सभेत कुजबुज झाली. हल्लीची पोरं, वगैरे.

काकांना ते सोसलं नाही. ते मागून आले. त्यांनी भेकराची मान धरून खाली दाबली. तीन पायांवरचं भेकर ते. गव्याच्या खुरांवर तोंडघशी पडलं.

पंचानं लगेच लिहून घेतलं : तक्रारदार पाया पडला, माफी मागितली, प्रकरण आपसात मिटलं.

"जाऊ द्या. पोर आहे," गवा म्हणाला. "मी मनात काही ठेवत नाही."

टाळ्या पडल्या. काकांचे डोळे भरून आले.

"आणि चारा?" भेकरानं जमिनीवरूनच विचारलं.

"माफी मिळाली ना?" वानर म्हणालं. "आता हाव बरी नव्हे."

आता ते भेकर एका झुडपाखाली बसून असतं. तोंड पुरेल तिथवरचं गवत संपलंय. काका रोज येतात, घराण्याच्या संस्काराबद्दल बोलतात आणि जातात. येताना चारा आणत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात. पाणवठ्यावर नवी पाटी लागली आहे : भेकरांनी जपून चालावे.

तात्पर्य : मोठ्यांपुढे नेहमी वाकावं. पाय मोडल्यामुळे जमत नसेल, तर घरचे मदत करतात.

या सगळ्यात गव्याची एक सकाळ गेली.