रिकाम्या खाटेवरील स्वारीची हकीकत

वाचक मेहेरबान यांचे सेवेसी. आज्ञा जाहली कीं, वैद्यकी शिकविणाऱ्या थोर इस्पितळीं मेडिसिन विभागाच्या धाकट्या डॉक्टरीणबाईंनीं विभागप्रमुख थोरल्या सरांस कैसें गांठिलें, तें साद्यंत लिहिणें. त्यास वॉर्डांत ज्यांनीं डोळां पाहिलें त्यांस पुसोन लिहितों. पदरचें मीठ पडलें असेल तर चवीपुरतेंच.

धाकट्या बाई असिस्टंट प्रोफेसर. सकाळीं रुग्ण पाहावे, दुपारीं विद्यार्थ्यांस शिकवावें, आणि उरल्या वेळांत संशोधन करावें, तों वेळच उरूं नये. विद्यार्थी त्यांजवर जीव टाकीत. परंतु शोधनिबंधावांचून बढती नाहीं, आणि निबंध पुढें सरकेना. मग डीनसाहेबांनीं फर्मान काढिलें कीं, दर धाकट्यास एक थोरला मार्गदर्शक नेमिला असे, उभयतांनीं दरमहा भेटावें. बाईंचे वांट्यास थोरले सर आले. फर्मान फळ्यावर डकविलें, आणि पुढें त्यावर पार्किंगचें फर्मान डकविलें. भेट कांहीं जाहली नाहीं. इकडे खासगी इस्पितळाचें बोलावणें आलें. शिकवणें सोडणें बाईंचे जिवावर येई, परंतु शुक्रवारीं होय कीं नाहीं तें कळविणें प्राप्त होतें.

मग बाईंनीं मोहीम मांडिली. प्रथम केबिनीवर चाल केली, तों सर नाहींत, खुर्चीवर एक्स-रे बसलेले. मग कँटीनचे नाक्यावर गांठोन चहा पुढें केला, तों फोन वाजला आणि सर चहासुद्धां नाहींसे जाहले. मग लिफ्टमध्यें कोंडिलें, आणि "सर, माझ्या पेपरचं जरा..." इतकें बोलतात तों दार उघडलें, आणि सर "हो हो, बघू" म्हणोन कूच करिते जाहले. बाईंस रडूं कोसळलें. परंतु त्याच दिवशीं राऊंड पाहतां त्यांचे ध्यानीं आलें कीं, हा पुरुष डीनसाहेबांसाठीं थांबत नाहीं, परंतु खाटेवर मनुष्य असेल तर पाय रोवोन उभा राहतो आणि कान देऊन ऐकतो.

शुक्रवारीं राऊंड निघाला. अग्रभागीं सर, मागें रजिस्ट्रार, त्यामागें इंटर्नांची फौज. बाई कोपऱ्यांतील रिकाम्या खाटेवर चढल्या आणि चादर गळ्याशीं ओढिली. सिस्टर गरजल्या, "अहो मॅडम, आत्ता बदललीय ती!"

इतक्यांत सर आले, थांबले, आणि फायलींत डोकें खुपसोनच नाडी धरिली.

"काय त्रास होतोय?"

"चार वर्षं पेपर अडकलाय, सर. झोप लागत नाही. आता सोडून जावंसं वाटतंय."

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

"तुम्हालाच, सर. लिफ्टमध्ये."

तेव्हां सरांनीं मान वर केली. एका इंटर्नानें तोंवर ब्लडप्रेशरही मोजिलें. मग सर स्टूल ओढोन बसले, जें सिस्टरांचे उभ्या नोकरींत घडलें नव्हतें, आणि आपला फोन रजिस्ट्रारचे हवालीं करोन फर्माविलें कीं, कोणीं पुसल्यास सर रुग्णापाशीं आहेत ऐसें सांगणें. मग बाईंनीं मोबाईलवर निबंध दाखविला आणि सरांनीं तो मुळापासोन वाचिला.

"अगं, हे तीन पेपर आहेत! एकात कोंबलेस म्हणून गुदमरलेत. पहिला महिनाभरात पाठवू." मग घसा खाकरोन म्हणाले, "चुकलं माझं. दर सोमवारी ये. आणि उभी आलीस तरी चालेल."

बाई हंसल्या, आणि डोळेही पुसले, आणि तेथोनच खासगी इस्पितळास फोन करोन येत नाहीं ऐसें कळविलें. तों सिस्टरांचा हुकूम सुटला कीं, बरें वाटत असेल तर खाट खाली करणें, खरा पेशंट दारीं आला असे.

येणेंप्रमाणें मेडिसिन वॉर्ड फत्ते जाहला. उभय पक्षीं कोणी जायबंदी नाहीं. एक चादर धुण्यास पडली, आणि एक शिक्षिका जावयाची राहिली.