जागा भरपूर आहे

पूर्ण नाव : (घामाने शाई फुटली आहे. घरात सगळे ‘धाकट्या’ म्हणतात, आपणही धाकट्याच म्हणू.)

धाकट्या गाड्यांच्या शोरूमच्या काचेच्या दारापाशी पोचला, तेव्हा दाजींचे बूट त्याच्या दोन बोटं आधी पोचले होते. कोटही दाजींचाच. दाजी अंगाने चांगले भरलेले आणि धाकट्या म्हणजे नुसता हँगर. सकाळी बटणं लावून देताना ताईने बजावलं होतं, “हा तिसरा इंटरव्ह्यू आहे. आज नाही जमलं, तर सोमवारपासून दाजींच्या दुकानात.”

दाजींचं दुकान कमोडचं होतं. गिऱ्हाईक आलं की बसून दाखवायला त्यांना एक माणूस हवा होता.

कोणत्या जागेसाठी अर्ज :

त्याने आत पाऊल टाकलं न टाकलं तोच एक सेल्समन टाय सावरत धावत आला. एवढा भारी कोट त्याला आठवडाभरात दिसला नव्हता.

“या साहेब, या! काय बघायचंय?”

“ते... जागा आहे असं कळलं.”

“जागा? अहो, भरपूर आहे! जागाच जागा!” सेल्समनने एका लांबलचक गाडीची दारं धडाधड उघडली. “पुढं दोन, मधे तीन, मागं आणखी दोन!”

धाकट्याने मनात बेरीज केली. सात जागा! आणि उमेदवार तो एकटाच.

“मला कुठलीही चालेल,” तो नम्रपणे म्हणाला.

“असं कसं? तुमच्यासारख्यांनी पुढंच बसायचं. बसा. पाय पसरा. डुलकी काढलीत तरी कोणी उठवणार नाही.”

इतकं चांगलं ऑफिस धाकट्याने ऐकलंही नव्हतं.

अनुभव :

“मला अनुभव मात्र काहीच नाही हो.”

“अनुभव आम्ही देतो ना! आत्ता. फुकट!”

अपेक्षा :

“महिन्याला साधारण किती मनात आहे?” सेल्समनने हळूच विचारलं.

धाकट्याने चाचरत आकडा सांगितला.

“बसेल. पण थोडं वर गेलं तर चालेल ना?”

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “कितीही वर जाऊ दे. माझी तक्रार नाही.”

सेल्समनच्याही डोळ्यांत पाणी आलं.

वाहन चालवता येते का : हो. (स्वतःच्या बुटांत.)

“चौकाला वळसा घालून परत येऊ,” असं म्हणून सेल्समन शेजारी बसला. ही परीक्षाच असणार, हे ओळखून धाकट्याने छाती फुगवली. कोट तसाच लोंबत राहिला.

फाटकापाशी त्याने ब्रेक दाबला. दाजींच्या बुटाने ब्रेकबरोबर शेजारचा अ‍ॅक्सिलरेटरही दाबला. गाडी उसळली. फाटकातच पंख्याच्या हवेवर हात उडवत नाचणारा भलामोठा कापडी बाहुला होता. तो उपटला गेला आणि टपावर आडवा झाला.

“थांबवा!”

“थांबवायला गेलं की पळते!”

“मग पळवा!”

धाकट्याने घाईत बूट काढून मागच्या जागेवर भिरकावले आणि गाडी कशीबशी ताब्यात आली. पण त्या गडबडीत वायपर सुरू झाला होता आणि बाहुल्याचा हात त्यात अडकला होता. आता बाहुला अख्ख्या रस्त्याला टाटा करत चालला होता. लोकही उलट टाटा करू लागले.

सिग्नलला शेजारी एक खच्चून भरलेली छोटी गाडी थांबली. खिडकीतून एका बाईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या मांडीवर त्यांची नणंद बसली होती.

“अहो, ही बाहुल्याची गाडी कुठं मिळते? आम्ही सात जण मावू का?”

सेल्समन वायपरचं बटण शोधण्यात गुंतला होता. धाकट्याला मात्र उत्तर पाठ होतं. “जागाच जागा! पुढं दोन, मधे तीन, मागं दोन. डुलकी काढलीत तरी कोणी उठवणार नाही!”

सध्या ती जागा कोणाकडे आहे :

परत आल्यावर दारात मॅनेजर मॅडम उभ्या होत्या. अकरा वाजता येणाऱ्या उमेदवाराची वाट बघून त्या वैतागल्या होत्या.

“कशी वाटली गाडी, साहेब?” त्यांनी धाकट्याचा कोट बघून विचारलं.

“गाडी? मी नोकरीच्या जागेसाठी आलोय,” म्हणत धाकट्याने चुरगळलेला अर्ज पुढे केला.

“नोकरी?” सेल्समन किंचाळला. “इथं कुठली जागा आहे?”

मॅडम ओशाळून धाकट्याच्या बुटांकडे बघू लागल्या. तिथे नुसते मोजेच दिसत होते, म्हणून सेल्समनच्या बुटांकडे बघू लागल्या. “तुमचीच,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत एकही गाडी खपली नाही, तर.”

सेल्समन मटकन गाडीच्या मधल्या जागेवर बसला. मघापासून तो स्वतःचीच जागा दाखवत होता!

तेवढ्यात मागोमाग आलेल्या त्या छोट्या गाडीतून सात माणसं भसाभस बाहेर पडली आणि सेल्समनला उठवून मोठ्या गाडीत शिरली. नणंद एका जागेवर एकटीच बसली. तिला भरून आलं. गाडी जागच्या जागी ठरली.

“ही विक्री कोणाची?” मॅडमनी विचारलं.

धाकट्याला समोर रांगेने कमोड दिसू लागले. त्याने सेल्समनकडे पाहिलं. “यांची,” तो म्हणाला. “मी काय, यांनी शिकवलेलं बोललो.”

“मग जागा भरली,” मॅडम म्हणाल्या.

धाकट्या बूट हातात घेऊन निघाला. फाटकात पंखा अजून घोंघावत होता. फाटलेला बाहुला कोपऱ्यात पडला होता. धाकट्या पंख्यापुढून गेला आणि दाजींचा कोट फुगला. बाह्या फडफडल्या. रस्त्यावरच्या एका पोराने टाटा केला.

“थांबा!” मॅडम ओरडल्या. “जरा हात वर करा बघू.”

रुजू होण्याची तारीख : आजच.

दुपारी ताईचा फोन आला. धाकट्याने एक हात हवेत हलता ठेवून दुसऱ्याने तो कानाला लावला.

“काय रे, मिळाली का जागा?”

“मिळाली, ताई! एकदम हवेशीर!”

“अरे वा! आणि ऐक, दाजींना रविवारी लग्नाला जायचंय. त्यांचा कोट आज परत आण.”

धाकट्याने पंख्याकडे पाहिलं, मग फुगलेल्या बाह्यांकडे.

“ते नाही जमायचं, ताई,” तो म्हणाला. “खरं सांगू का, नोकरी कोटालाच लागलीय.”