सुभेदारांच्या मिशा आणि उत्तम हवा

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती शुद्ध आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दाखल्याला असतो. सांगलीच्या एका नव्या वस्तुसंग्रहालयात हा दाखला देणारं परदेशी यंत्रच बसवलं होतं.

त्या यंत्राच्या भरवशावर पाटणकडच्या नाथाजींनी आपल्या आजोबांचं तैलचित्र संग्रहालयाला दिलं. आजोबा फौजेत सुभेदार होते आणि त्यांची दुसरी तसबीर कुणाकडंच नव्हती. घरातल्या चुलीच्या धुरानं मिशा काळवंडतील, या धास्तीनं नाथाजींनी काळजावर दगड ठेवला.

संग्रहालयानं सुभेदारांचा यथोचित मान राखला. हार, कापूर, रोज उदबत्त्या. यंत्रालाही हळदकुंकू वाहिलं. (पूजा न करता यंत्र चालू करायला आपण काय जंगलात राहतो?) धूर लागताच यंत्र लाल होऊन बोंबलू लागलं. तातडीची बैठक भरली. उदबत्त्या बंद करा, असं तरुण अधिकारी अंकिता म्हणाली. सुभेदारांचा अपमान केल्याबद्दल तिनं माफी मागावी, असा ठराव झाला. शेवटी संचालक विश्वजितरावांनी तोडगा काढला. यंत्र महागाचं, धुरानं खराब होईल, सबब त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घालावं.

तेव्हापासून हवा उत्तम आहे. (कव्हरच्या आतली.) चित्रावर काजळी धरू नये म्हणून धुळा नावाचा शिपाई ते रोज ओल्या फडक्यानं घासून पुसायचा. या संवर्धनाबद्दल संग्रहालयाला ढालही मिळाली.

वर्षानं नाथाजी आजोबांना भेटायला आले. चौकटीत एक करडा डाग होता. फेटा नाही, पदकं नाहीत, मिशा तर नाहीतच.

"आवं सायेब, चुलीम्होरं हुता तवा मिशा लख्ख दिसत हुत्या. हितं त्वांडच न्हाई की!"

"नाथाजी, शंभर टक्के शुद्ध हवेचा दाखला आहे," विश्वजितराव नम्रपणे म्हणाले.

नाथाजींनी दाखल्याकडं पाहिलं, चौकटीकडं पाहिलं. डोळे मिटून आजोबांचा चेहरा आठवायला गेले, तर तोही नीट आठवेना. म्हाताऱ्याला रडू आवरेना. अंकिता मान खाली घालून उभी राहिली.

मग नाथाजींनी डोळे पुसले, पायताणं काढली आणि चौकटीपुढच्या पुड्यातून एक उदबत्ती घेऊन पेटवली.

"चुकलं बगा आमचं," ते डागाला म्हणाले.

तो पुडा आता दारातच ठेवलाय, सगळ्यांसाठी मोफत. तुम्ही गेलात तर तुम्हीही एक लावालच. वाडवडलांपुढं नुसते हात जोडून उभं राहणं तुम्हाला तरी कुठं जमतं?