अकरा मिनिटांच्या शहरावरील स्वारी

जे घडले तेच लिहावे, पदरचे घालू नये, ऐसी शपथ वाहोन लेखनास आरंभ केला असे. समुद्रापलीकडे एक खंड विस्तीर्ण. तेथे सकाळी गाडीत बसावे तो दुपारी भाषा पालटते, पाव पालटतो, देवळाचा कळस पालटतो, आणि माणसे एकमेकांस वेडे समजतात. ऐशा मुलखी दहा दिवसांत कोणती शहरे पाहावी आणि कोणती टाकावी, येविशी तीन खोल्यांच्या घरात रण माजले, त्याची हकीकत येणेप्रमाणे.

मोहिमेचे सरलष्कर घरचे धनी थोरले साहेब. हयात रेल्वेच्या कचेरीत वेळापत्रके आखण्यात गेली, आणि निवृत्त जाहले तरी खोड गेली नाही. दूध उतू गेले तर ‘नियोजित वेळेच्या दोन मिनिटे आधी’ ऐसा शेरा मारीत. त्यांनी जेवणाचे टेबल काबीज केले, नकाशा पसरिला, एका कोपऱ्यावर साखरेचा डबा आणि दुसऱ्यावर चष्म्याचे घर ठेवोन बंदोबस्त केला, आणि फर्मान सोडिले की ज्याने त्याने एकच शहर मागावे. चिरंजीवांनी फुटबॉलचे मैदान असलेले शहर मागितले. कन्यका दंतवैद्य, दिवसभर लोकांच्या जबड्यांत वाकोन मान आखडली, सबब तिने वर पाहावे लागेल ऐसे, छतांवर चित्रे असलेल्या राजवाड्यांचे शहर मागितले. खुद्द साहेबांनी चोवीस फलाटांचे स्टेशन असलेले शहर घेतले. मग बाईसाहेबांस विचारणा जाहली. त्या मटार सोलीत होत्या, मान वर न करिता बोलिल्या, “मला काय, कुठंही चालेल.”

या घराची पिढीजात चूक ती हीच. हे वाक्य बाईसाहेब तीस वर्षे बोलत आल्या आणि तीस वर्षे सर्वांनी ते निमूट खरे मानिले, कारण तैसे मानणे सोयीचे होते.

वास्तविक बाईसाहेबांच्या मनी एक शहर होते. त्यांनी सव्वीस वर्षे ट्रंक एक्सचेंजात कानास यंत्र लावोन परदेशचे फोन जोडिले. त्या खंडाचे सारे फोन एका बंदरशहरातून जात, आणि तिकडे जोडणारी एक बाई असे. दोन फोनांच्या मधल्या फटीत दोघी चार शब्द बोलत. वादळ जाहले तर ती बाई फोनाचा रिसीव्हर खिडकीबाहेर धरी आणि मग बाईसाहेब तिकडचा समुद्र ऐकत. पुढे यंत्रे आली, एक्सचेंज एका दुपारी बंद जाहले, निरोपही घेता आला नाही. आता गुडघ्यांनी बंड पुकारिले होते. हा प्रवास हुकला तर दुसरा नाही, हे त्या पक्के जाणत होत्या.

तो थोरले साहेब वेळापत्रक वाचू लागले, आणि त्यात त्याच बंदरी गाडी बदलावयास अकरा मिनिटे लिहिली होती. बाईसाहेबांनी मटार खाली ठेविले.

“मी तिथं दोन रात्री उतरणार. तुम्ही पुढं जा, मी येते मागनं.”

दरबारात एकच हलकल्लोळ जाहला. साहेब गरजले, “अगं, तिथं बघायला काही नाही!”

“माहितीये. मला बघायचं नाहीच आहे, ऐकायचंय.”

मग चिरंजीव आणि कन्यका यांनी मोबाइलरूपी जासूद सोडिले, आणि खबर आणिली की त्या आठवड्यात तेथे होड्यांच्या शर्यती, सबब शहरात एक खाट मोकळी नाही. साहेबांनी मिशीत हसोन ती खबर जाहीर केली.

बाईसाहेब उठिल्या, हात पुसिले, मोबाइलवरील सरायांची यादी पुढे ओढिली, फोन घेतला, आणि त्या शहराचा कोड नंबर बोटांनी आपोआप फिरविला. आणि मग जो आवाज निघाला तो त्या घराने कधी ऐकिला नव्हता. घराने ‘भात वाढू का’ विचारणारा आवाज ऐकिला होता; हा मंत्र्यांस ताटकळत ठेविणारा होता. त्या परभाषेतील चाळीसच वाक्ये त्यांस येत, आणि सारी ‘थांबा’, ‘लाइन सोडू नका’, ‘पुन्हा पाहा’ या जातीची. तितक्यांवर त्यांनी लढाई दिली. पहिली सराई पडली नाही, दुसरीही नाही. तिसऱ्या सराईचा मालक चार वेळा नाही म्हणाला, चार वेळा त्यांनी ‘पुन्हा पाहा’ म्हटले, आणि पाचव्यांदा त्यास एक सोडोन दोन खोल्या सापडल्या.

मालकाने नाव विचारिले. बाईसाहेबांच्या तोंडून निघाले, “सात नंबर.”

तो एक्सचेंजातील त्यांच्या टेबलाचा नंबर. सव्वीस वर्षे त्या शहरी त्यांस दुसरे नाव नव्हते. मग त्या एकट्याच हसल्या, डोळे भरोन आले, आणि आपले नाव एकेक अक्षर सुटे करोन त्या शहरास प्रथम सांगितले.

थोरल्या साहेबांनी खोडरबर घेतले आणि आपले चोवीस फलाट, कोणी न सांगता, पुसोन टाकिले. सारेच तेथे उतरणार, तर दोन दिवस कोठून तरी काढणे प्राप्तच होते.

येणेप्रमाणे बंदरशहर फत्ते जाहले. खोल्या दोन, रात्री दोन, खिडक्या समुद्राकडे. साहेबांनी स्वहस्ते नवे वेळापत्रक आखिले, त्यात गाडी पोचण्याची वेळ मिनिटासुद्धा नोंदिली, आणि सुटण्याचा रकाना हयातीत प्रथमच कोरा ठेविला.